जेल पावडर बोअरच्या पाण्यात फुगतच नाही, दुकानदाराने फसवलं का?

अंबडकर_मोसंबी

राम राम मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझी अंबडकडं मोसंबी आहे. जुनी बाग भारी रानात आहे, तिचं काही टेन्शन नाही, पण वरच्या मुरमाड तुकड्यात या पावसाळ्यात १५० नवीन कलमं लावलीत आणि पुढच्या उन्हाळ्याची आत्तापासूनच धास्ती आहे. तालुक्याला एका दुकानात ते पाणी धरून ठेवणारं जेल मिळालं, पांढरी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखी पावडर असते बघा, पुडक्यावर लिहिलंय स्वतःच्या वजनाच्या ४०० पट पाणी शोषतं. दुकानदार म्हणला झाडाला २० ग्रॅम टाका, मी हिशोबाने ३ किलो घेऊन आलो, स्वस्त नाय बरं का.

आता टाकायच्या आधी म्हटलं बघू तरी. चहाचा एक चमचा पावडर बादलीभर बोअरच्या पाण्यात टाकली आणि झोपलो. सकाळी बघतो तर तळाला भिजवलेल्या साबुदाण्यासारखा थोडासा थर, वर सगळं पाणी तसंच. डोकं फिरलं. तेवढ्यात पोरीने (नववीला आहे) घरातल्या आरओच्या पाण्यात एवढीशी चिमूट टाकली आणि अर्ध्या तासात ग्लास उपडा केला तरी सांडेना! पावडर तीच, पुडकं तेच. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो "माल एक नंबर आहे, तुमचं पाणीच खराब." बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १४०० आहे हे खरंय, पण त्याच पाण्यावर जुनी बाग जगली की. आता रानात काय मी आरओ बसवू का?

माल डुप्लिकेट आहे का पाण्याची भानगड आहे, कुणाला माहिती असेल तर सांगा.

---

शेतकरी_पुत्र_९६

डुप्लिकेट आहे दादा. सरळ परत करा, पावती असेल तर कृषी अधिकाऱ्याकडं तक्रार द्या. आजकाल सगळ्यात भेसळ.

---

जेलवाली

तक्रार करायच्या आधी थांबा हो दादा. तुमच्या मुलीने जो प्रयोग केलाय त्यातच उत्तर आहे. माल खोटा असता तर आरओच्या पाण्यातही फुगला नसता. मी पुण्यात पॉलिमरमध्ये पीएचडी केली आहे, त्यात पाच वर्षं नुसती असली जेल फुगवायची आणि वजन करायचं एवढंच काम, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

ही पावडर म्हणजे बहुतेक पोटॅशियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, किंवा त्यात अ‍ॅक्रिलामाइड मिसळलेलं असतं. डायपरमध्ये जे असतं त्याचा सख्खा भाऊ, फक्त तिकडे सोडियम असतं आणि शेतीच्या मालात पोटॅशियम वापरतात, कारण सोडियम जमिनीला नको. लांबच लांब साखळ्या, आणि मधेमधे एकमेकींना गाठी मारलेल्या, बाजेच्या विणीसारखं जाळं. गाठी आहेत म्हणून ते पाण्यात विरघळून जात नाही, नुसतं ताणलं जातं.

पण ताणतं कोण? प्रत्येक साखळीवर ओळीने ऋण भार बसलेले असतात आणि त्यांच्या सोबतीला पोटॅशियमचे सुटे आयन, म्हणजे धन भार असलेले कण. हे सुटे असले तरी जाळं सोडून लांब जाता येत नाही, कारण ऋण भार त्यांना धरून ठेवतात. म्हणजे जाळ्याच्या आत क्षारांची गर्दी आणि बाहेर शुद्ध पाणी. मग बाहेरचं पाणी आत घुसतं, मनुका भिजत टाकल्यावर टम्म होतात तसं. आता बाहेरच्या पाण्यातच क्षार असतील तर आत-बाहेरचा फरक कमी झाला, ओढ कमी झाली. लोणच्याच्या कैरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना, तीच गोष्ट. म्हणूनच डायपरचं जेल शुद्ध पाण्यात ३०० पट वगैरे फुगतं, पण लघवीइतक्या खारट पाण्यात ३०-४० पटीवर येऊन थांबतं. पुडक्यावरचा ४०० चा आकडा बहुतेक डिस्टिल्ड वॉटरमधला आहे. खोटा नाही, पण तुमच्या कामाचाही नाही.

इथपर्यंत झालं साध्या मिठाचं. तुमच्याकडे खरी अडचण कॅल्शियम-मॅग्नेशियमची आहे. गीझरमध्ये, ड्रिपच्या तोंडाला पांढरी खपली धरते का? धरत असणारच. सोडियमला एकच भार असतो, तो एका ऋण भाराशी खेळतो आणि सुटतो. कॅल्शियमला दोन भार असतात, तो एक साखळी इकडून धरतो आणि दुसरी तिकडून, म्हणजे जाळ्यात नवीन गाठ. अशा गाठी वाढल्या की जाळं आवळतं, दाणा कडक होतो, आणि मिठाने आकसलेलं जेल शुद्ध पाण्यात टाकलं की परत फुगतं तसं हे सहजासहजी फुगत नाही.

कागदावरचा हिशोब सांगते, घाबरू नका. १ ग्रॅम पोटॅशियम पॉलिअ‍ॅक्रिलेटवर साधारण ९ मिलिमोल (रसायनात कण मोजायचं एकक) ऋण भार असतात. समजा पाण्याची कठीणता (म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे, तर त्या १ लिटरमधलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साधारण ८ मिलिमोल भारांना पुरतं. म्हणजे एका ग्रॅम जेलच्या जवळजवळ सगळ्या जागा भरायला असलं एक लिटर पाणी बास. सगळंच कॅल्शियम जाऊन चिकटत नाही हे खरं, पण बादलीत तुम्ही पाणी एकदाच ओतलंत, रानात तर दर पाळीला नवीन कॅल्शियम येणार.

---

अंबडकर_मोसंबी

ताई तुम्ही तर झोपच उडवली. खपली म्हणता, इनलाइन नळ्या दर दोन महिन्याला अ‍ॅसिडने धुवाव्या लागतात. म्हणजे पैसे पाण्यात गेले म्हणायचं, तेसुद्धा फुगलं नाही त्या पाण्यात 😀

---

कोरडवाहू_सांगोला

मी डाळिंबवाला. जेलवाली ताईंनी रसायन सांगितलं, मी गणित सांगतो, कारण आमच्या गावात दोघातिघांनी हे टाकलंय आणि मी त्यातला एक.

दिल्लीच्या आयएआरआयने (भारतीय कृषी संशोधन संस्था) काढलेलं पुसा हायड्रोजेल आहे, त्याची शिफारस हेक्टरी अडीच ते पाच किलो, म्हणजे एकरी एक ते दोन किलो. फुगतं कमीत कमी ३५० पट. धरा दोन किलो आणि धरा पूर्ण ३५० पट, तर झालं ७०० लिटर. आता एक एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी होतं? चार हजार लिटरच्या वर. म्हणजे अख्ख्या एकरातलं जेल ठासून भरलं तरी पाव मिलिमीटरसुद्धा पाणी धरत नाही, दव पडल्याइतकं. "दोन पाळ्या वाचतील" म्हणून जे छापतात ना त्यांनी हा गुणाकार करून बघावा. कुणी म्हणेल जेल परत परत भरतं. भरतं, पण भरायला पाणी द्यावंच लागतं की.

मी म्हणत नाही फालतू आहे. पेरणीच्या वेळी ओळीत बियाण्याजवळ पडलं तर उगवण एकसारखी होते असं आमच्या शेजाऱ्याचं हरभऱ्यात झालं, कारण तिथं सगळं जेल बियाच्या शेजारी असतं, एकरभर पसरलेलं नसतं. रोपांच्या मुळ्या जेलच्या काल्यात बुडवून लावतात तेही पटतं. पण उभ्या बागेत मुठीने फेकायचं म्हणजे देवाला नैवेद्य.

---

निवृत्त_कृषी_सहायक

सांगोलेकर, गुणाकार बरोबर आहे पण अंबडकरांचं काम एकराचं नाही, कलमाचं आहे. १५० कलमं, प्रत्येकी २० ग्रॅम, तेही मुरमात. तिथे अर्थ आहे. तीन गोष्टी सांगतो, ३१ वर्षं बांधावर फिरलोय.

पहिली, जुन्या बागेत चुकूनसुद्धा टाकू नका. भारी काळ्या रानात चिकणमातीच एवढं पाणी धरते की जेलला कुणी विचारत नाही. आणि तुम्ही आंबे बहार (उन्हाळ्याआधीचा फुलोरा) धरत असाल तर डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण देता, पानं मलूल व्हायची वाट बघता. एकीकडे ताण द्यायचा आणि दुसरीकडे मुळाशी पाण्याची पिशवी ठेवायची, असला दुहेरी संसार करू नये. नवीन कलमांना तीन-चार वर्षं बहार धरायचाच नाही, म्हणून तिथे हरकत नाही.

दुसरी, मुरूम चुनखडीचा आहे का ते बघा. आपल्या मराठवाड्यात खाली पांढरी चुनखडी लागणं काही नवीन नाही. ढेकळावर थोडं अ‍ॅसिड टाकून बघा, फसफसलं तर चुना आहे. ताई कॅल्शियमचं सांगतायत ते पाण्यातूनच येतं असं नाही, जमिनीतूनही येतं.

तिसरी, जी लोक विसरतात. ड्रिपमधून कॅल्शियम नायट्रेट सोडता का? मोसंबीला सोडतातच बरेच जण. ते सरळ जेलवर जाऊन बसणार.

बाकी ही वस्तू नवीन नाही हो. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चपासून केलेला "सुपर स्लर्पर" आला, तेव्हा शेतीच डोळ्यासमोर होती, डायपरवाल्यांनी नंतर उचललं. आपल्या पुण्याच्या एनसीएलनेही (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ऐंशीच्या दशकात "जलशक्ती" नावाचं स्टार्चवालंच जेल काढलं होतं. आमच्या ऑफिसात त्याचा नमुना आला होता, शिपायाने साखर समजून चहात टाकला, कपात चमचा उभा राहिला.

---

नेहा_चष्मेवाली

शिपायाचं काय झालं ते सांगा आधी 😂

आणि एक बावळट प्रश्न. मी शेती वगैरे करत नाही, सहज वाचत आले. माझी कॉन्टॅक्ट लेन्स पण हायड्रोजेलचीच असते ना? मग ती तर रोज मिठाच्या पाण्यात ठेवते, डोळ्यातलं पाणी पण खारट, ती का नाही आकसत?

---

निवृत्त_कृषी_सहायक

काही नाही झालं, कप फेकून दिला आणि दिवसभर आम्हाला शिव्या. प्यायला नव्हता.

---

जेलवाली

नेहा, अजिबात बावळट नाही, आमच्या तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न विचारलेला आणि मी अडखळले होते.

साध्या मऊ लेन्सचं जेल हेमा नावाच्या रेणूचं असतं आणि त्याच्यावर भारच नसतो. त्यामुळे ते फुगतंही बेताचंच, भिजल्यावर जेमतेम ३८ टक्के पाणी, पण मीठ असो-नसो त्याला काही घेणंदेणं नाही. शेतीचं जेल भारांच्या जोरावर शेकडो पट फुगतं आणि त्याच भारांमुळे मिठाला घाबरतं. जास्त पाणी हवं म्हणून काही लेन्समध्ये मुद्दाम भारवाले घटक घालतात, त्यांना मग पीएच आणि क्षारांचं थोडं सांभाळावं लागतं.

हेमाचं जेल प्रागमधल्या ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लीम यांनी केलं, पेपर १९६० चा. पण लेन्स नीट ओतता येईना, सरकारने काम गुंडाळायला सांगितलं, तर विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात घरच्या स्वयंपाकघरात मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो जोडून फिरतं यंत्र केलं आणि त्यावर लेन्स ओतल्या. आमच्या गाइड सरांचा हा आवडता किस्सा. आम्ही ग्रँट नाही म्हणून रडायला लागलो की तो निघायचाच.

अंबडकर दादा, तुमच्याकडे वळते. पैसे गेले नाहीत, फक्त वापरायची पद्धत बदला. शेततळं आहे का? किंवा पावसाचं साठवलेलं पाणी? जेल त्या पाण्यात आधी पूर्ण फुगवून घ्या आणि मग मुळाजवळ भरा. कोरडी पावडर टाकून वरून बोअरचं पाणी सोडलंत तर ते पहिल्या घोटालाच आवळणार. आणि अजून एक, ग्लासात फुगतं तेवढं मातीत कधीच फुगत नाही, वरून मातीचं वजन असतं. डायपरवाले तर जेल दाबाखाली किती शोषतं हेच बघतात, बाळ त्यावर बसणार असतं म्हणून. त्यासाठी दाण्याच्या फक्त सालीला जास्त गाठी मारतात, आत मऊ आणि बाहेर टणक, नाहीतर वरचे दाणे फुगून एकमेकांना चिकटतात आणि खालच्यांपर्यंत पाणीच पोचत नाही.

घरी मोजायचं असेल तर सोपं आहे. आमच्या लॅबमध्ये चहाच्या रिकाम्या पुडीत १ ग्रॅम जेल घालून लिटरभर पाण्यात टांगतात. तुम्ही जुन्या ओढणीच्या कापडाची पुरचुंडी करा, रात्रभर ठेवा, दहा मिनिटं निथळू द्या आणि किचनच्या काट्यावर वजन करा. ओल्या रिकाम्या कापडाचं वजन वजा करायला विसरू नका. तीन-चार प्रकारचं पाणी घ्या. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजवर मिळतं.

---

आईसाहेब_ठाणे

मधेच बोलते, पण घरात लहान मूल असेल तर ही पावडर आणि ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी दोन्ही हाताला लागू देऊ नका. मणी गिळला तर पोटात जाऊन फुगतो आणि आतडं अडतं, ऑपरेशनपर्यंत जातं प्रकरण. आणि वजन करताना धूळ नाकात जाऊ देऊ नका, रुमाल बांधा. अंबडकरांची मुलगी नववीत आहे म्हणजे समजूतदार असेल, पण तरी.

---

अंबडकर_मोसंबी

सगळ्यांचे आभार. शेततळं आहे, सध्या काठोकाठ भरलंय. कॅल्शियम नायट्रेट सोडतो, पण जुन्या बागेला. कलमांची लाइन वेगळी आहे, तिथं आता सोडणारच नाही. ढेकळावर अ‍ॅसिड टाकलं, फसफसलं ओ, पण लई नाही, सोडा बाटलीसारखं थोडं. पोरीने सायन्स प्रोजेक्ट म्हणून मोजायचं मनावर घेतलंय, ओढणी बायकोची, ती मात्र नवी निघाली, त्यावरून घरात एक वेगळाच धागा चालू आहे.

एक विचारतो. एवढं सगळं शास्त्र पुढे गेलं म्हणतात, मग कठीण पाण्यात चालेल असं जेल कुणी का काढत नाही? का फक्त डायपर आणि लेन्सच करायच्या?

---

जेलवाली

काढतात हो, पण प्रत्येकात काहीतरी द्यावं लागतं. अ‍ॅक्रिलामाइडचा भाग वाढवला की भार कमी होतात, मग मीठ-कॅल्शियमचा त्रास कमी, पण फुगणंही कमी. शिवाय माल नीट बनवला नसेल तर सुटं अ‍ॅक्रिलामाइड शिल्लक राहतं आणि ते मज्जासंस्थेला विषारी असतं. म्हणून चांगल्या मालाच्या कागदावर ते किती उरलंय हे लिहिलेलं असतं, नसेल तर मी घेणार नाही. दुसरी वाट म्हणजे सेल्युलोज, स्टार्च, पेक्टिन असल्या मूळच्या वनस्पतीतल्या साखळ्यांवर जेल बांधायचं. पुसा हायड्रोजेल सेल्युलोजवरच आहे आणि ते ४०-५० अंशांच्या उन्हाचा विचार करून केलंय, इथे मात्र आपल्या हवामानाचा विचार झालाय. याची दुसरी बाजू अशी की पॉलिअ‍ॅक्रिलेटची साखळी मातीत फार सावकाश तुटते. युरोपात २०१९ च्या खत नियमावलीत पाणी धरणाऱ्या पॉलिमरलाही जैवविघटनाची अट घातली आहे. आपल्याकडे पुडक्यावर "इको फ्रेंडली" छापलं की झालं.

पण मला खरी गंमत कॅल्शियमचीच वाटते. तुमच्या रानात जो कॅल्शियम जेलचा गळा आवळतो, त्यालाच २०१२ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी कामाला लावलं. त्यांनी दोन जाळी एकात एक गुंफली, एक पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचं, त्याच्या गाठी पक्क्या, आणि दुसरं समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटचं, त्याच्या गाठी कॅल्शियमच्या. ओढलं की कॅल्शियमच्या गाठी आधी सुटतात, मार त्या खातात, आणि मुख्य जाळं शाबूत राहतं. ९० टक्के पाणी असलेली ती वडी मूळ लांबीच्या २० पट ताणता येते! आपली खरवसाची वडी बोटाने दाबली तरी मोडते, आणि हे रबरासारखं. याची मूळ कल्पना २००३ ची, जपानच्या होक्काइदो विद्यापीठात जियान पिंग गाँग यांच्या गटाची, एक ठिसूळ आणि एक मऊ जाळं एकत्र.

आणि पुण्याचं सांगितलं नाही तर पाप लागेल. एनसीएलमध्ये श्यानी वर्गीस, आशिष लेले आणि माशेलकर सरांनी २००६ च्या पेपरमध्ये दाखवलं की जेलचा तुकडा कापला तरी धातूच्या आयनांच्या मदतीने दोन्ही तुकडे परत जुळतात. नंतर त्याच वर्गीस मॅडमच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने २०१२ मध्ये आम्लात बुडवलं की काही सेकंदात चिकटणारं आणि पीएच वाढवला की सुटणारं जेल केलं. पोटात आम्ल असतंच, म्हणून जठराच्या जखमेवर चिकटवायला बरं पडेल असा विचार. मी पहिल्या वर्षाला असताना आमच्या सीनिअरने असला एक तुकडा ब्लेडने कापून, जोडून, माझ्या हातात देऊन "आता तोड" म्हणाला होता. जोडलेल्या जागी तुटलाच नाही, शेजारी तुटला. तेव्हाच ठरवलं याच विषयात राहायचं.

---

कोरडवाहू_सांगोला

ताई हे सगळं छान आहे, पण कापलेलं जेल जुळून माझ्या डाळिंबाला काय फायदा. ते हवेतून पाणी ओढणारं जेल म्हणून व्हिडिओ फिरतोय ते खरं आहे का फेकाफेकी?

---

जेलवाली

खरं आहे, पण व्हिडिओवाल्यांनी मसाला लावलाय.

पीनायपाम नावाचं एक जेल आहे, ते ३२ अंशांच्या खाली पाणी पिऊन बसतं आणि ३२ च्या वर गेलं की एकदम नको झाल्यासारखं पाणी सोडून आकसतं. हळूहळू नाही, एकदम. जेल असं अचानक रूप बदलतं हे एमआयटीत तोयोइची तानाका यांनी १९७८ मध्ये दाखवलं होतं, त्यांचं जेल वेगळं होतं पण तत्त्व तेच. आता याला हवेतला ओलावा शोषणाऱ्या पदार्थाची जोड दिली की रात्री गार हवेत ओलावा ओढायचा आणि दिवसा उन्हाने तापलं की पाणी सोडायचं. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या गटाने २०२० मध्ये असलं जेल वाळूत मिसळून मुळ्याची भाजी लावली. सुरुवातीचं पाणी दिल्यावर १४ दिवस काही न देता मुळ्याची रोपं जगली, नुसत्या वाळूतली दोन दिवसात गेली.

आता तुमच्यासारखं गणित मी करते. मुळ्याचं रोप केवढं आणि डाळिंबाचं झाड केवढं. आणि सांगोल्यात एप्रिलमध्ये रात्री हवेत ओलावा असतो का? तुम्हीच सांगा. शिवाय रात्रीसुद्धा माती ३२ अंशांच्या खाली आली पाहिजे. कोकणात एक वेळ चालेल, पण तिथं पाण्याची... बरं नको, कोकणवाले अंगावर येतील.

---

रत्नांग्री_हापूस

आलोच. मे महिन्यात आमच्याकडे पण टँकर येतात हो ताई. पाऊस पडतो म्हणून पाणी असतं असं नाही, कातळावरून सगळं समुद्राला. ते दमटवालं जेल आधी आमच्याकडेच पाठवा.

---

शेतकरी_पुत्र_९६

म्हणजे माल डुप्लिकेट नाही ना मग? मी आपलं अंदाजाने बोललो.

---

निवृत्त_कृषी_सहायक

अंदाजाने कृषी अधिकाऱ्याकडं पाठवत होतास लेकरा.

---

अंबडकर_मोसंबी

रिझल्ट आले मंडळी. पोरीने वहीत तक्ता केलाय, त्यातलं सांगतो. १ ग्रॅम पावडर, १ लिटर पाणी, एक रात्र, कापडाचं वजन वजा.

बॅटरीच्या पाण्यात ३१० ग्रॅम. शेततळ्याच्या पाण्यात १९० ग्रॅम. बोअरच्या पाण्यात ६० ग्रॅम. बोअरच्या पाण्यात चमचाभर कॅल्शियम नायट्रेट घातलं त्यात २० सुद्धा नाही, आणि दाणे पांढरे कडक, दाताखाली खडा यावा तसे. ताईंनी सांगितलेलं बघायला तेच दाणे मग बॅटरीच्या पाण्यात टाकले, दिवसभर ठेवले, ढिम्म हलले नाहीत. मिठाच्या पाण्यातलं एक वेगळं केलं होतं, ते मात्र आधी एवढंसं झालेलं, दोन-तीनदा पाणी बदलल्यावर परत फुगलं. पोरगी नाचायला लागली, मी म्हटलं तुझं प्रोजेक्ट झालं, माझी कलमं राहिली.

तर आता असं ठरवलंय की शेततळ्याच्या पाण्यात प्लास्टिकच्या ड्रममध्ये आदल्या दिवशी फुगवायचं आणि प्रत्येक कलमाभोवती मुळीच्या टप्प्यात पहारीने चार भोकं पाडून त्यात भरायचं, वरून माती दाबायची. २० ग्रॅमला शेततळ्याच्या पाण्याने पावणेचार लिटरच्या आसपास होतं, बोअरच्या पाण्यात जेमतेम सव्वा लिटर झालं असतं. मातीत त्याहून कमी भरणार हे धरूनच चाललोय. उन्हाळ्यात मी कलमाला रोज सहा लिटर सोडतो, म्हणजे एक दिवस लाइट गेली तर तेवढं निभावून नेईल, त्याच्या पुढची अपेक्षा नाही. सांगोलेकरांचं ऐकून २५ कलमांना काहीच टाकणार नाही, शेजारच्याच ओळीत, म्हणजे फरक पडला का नाही ते दिसेल. गवताचं आच्छादन मात्र सगळ्यांना करतोय.

दुकानदाराकडं जाऊन आलो. त्याला म्हणलं तुझा माल खरा पण बोर्डावर लिही कुठल्या पाण्यात ४०० पट. तो म्हणला "साहेब, एवढं कोण वाचतं." मग पोरीच्या वहीचा फोटो त्याला व्हॉट्सअ‍ॅप केला, निळी टिक आली, उत्तर अजून नाही.

---

कोरडवाहू_सांगोला

२५ सोडताय हे झ्याक केलंत. मे महिन्यात याच धाग्यावर फोटो टाका, दोन्ही ओळींचे. आणि कुठली ओळ कुठली ते आधी सांगू नका, आम्ही ओळखतो का बघू.

---

जेलवाली

मुलीला सांगा वहीत प्रत्येक पाण्याचा टीडीएस पण लिही आणि तेच माप तीनदा घे, एकदाच मोजलेल्याला आमच्याकडे सर पाहायचे पण नाहीत. आणि ओढणी नवी घेऊन द्या ताईंना.

---

अंबडकर_मोसंबी

ओढणी घेतली. जेलपेक्षा महाग पडली.